१९८४ चा बॅटमॅन, पुराचं पाणी आणि हळदीचे डाग: खरा की नक्कल, आणि वाटणीत किंमत किती धरायची?

कृष्णाकाठची (सांगली)

गावभागातलं आमचं जुनं घर आम्ही विकतोय. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर तिथं राहायची आईची हिंमतच उरली नाही, आता विश्रामबागला जाणार. त्यामुळे घरातल्या वस्तूंची वाटणी चालली आहे. भांडी, पितळी समया, आजोबांचा ग्रामोफोन, सगळ्याची किंमत धरून झाली. अडलंय एका खेळण्यातल्या प्लास्टिकच्या बॅटमॅनपाशी.

मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरावरून तो आणला. अंग राखाडी, मुखवटा, हातमोजे, चड्डी आणि बूट निळे, छातीवर पिवळ्या लंबगोलात काळं वटवाघूळ. उंची माझ्या तळहाताहून थोडी कमी. दोन्ही पाय चिमटीत दाबले की हात ठोसा मारल्यासारखे हलायचे. आता अगदी किंचित हलतात, मध्येच अडकतात.

त्याची आजची अवस्था जशी आहे तशी लिहिते. पाठीवरची केप लहानपणीच हरवली. मामीने निळ्या ब्लाऊजपीसची दुसरी शिवून दिली होती, ती आहे. बाबांचा हळदीचा व्यापार, सुट्टीत आम्ही मार्केट यार्डातल्या गोदामातच असायचो, त्यामुळे उजव्या हाताला आणि मांडीवर पिवळे डाग पडलेत ते आजही तसेच. पूर आला तेव्हा तो खालच्या कपाटात होता. गाळातून काढून नळाखाली धुतला, फडक्याने पुसला, बस्स. कंबरेच्या फटीत अजून गाळाची बारीक रेघ दिसते. त्याच्यासोबत आलेलं छोटं कॉमिकही आहे, पण ते भिजून फुगलंय आणि पानं चिकटलीत. पुठ्ठ्याचं पॅकिंग कुणी ठेवलं नाही.

मधला भाऊ म्हणतो, मला दे आणि माझ्या हिश्शात किंमत धर. मोठ्या भावाचीही त्याला ना नाही, पण रक्कम न्याय्य हवी. पुण्याच्या एका खरेदीदाराला फोटो पाठवले तर तो म्हणाला, अंगावर १९८४ कोरलंय आणि तुम्ही सांगता १९८५ ला आणला, म्हणजे ही नक्कल आहे, तरी सगळ्यासकट पाचशे देतो. आईला ते फार लागलं. मामांनी आणलेली वस्तू खोटी कशी असेल, असं ती पुन्हा पुन्हा विचारते.

मला तीन गोष्टी हव्यात. हा खरा आहे का, हे घरच्या घरी कसं ठरवायचं? अवस्थेला गुण कसे देतात? आणि दाखवण्याआधी स्वच्छ करू की नको?

राजू_माधवनगर

ताई, हळदीचा डाग साध्या साबणाने निघत नाही. थिनर नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसा, लगेच जाईल. दुकानात आम्ही काउंटरवरचे डाग असेच काढतो. मग दोन दिवस उन्हात ठेवा, हळद उन्हाने उडतेच. स्वच्छ वस्तूला गिऱ्हाईक चांगलं मिळतं.

साचे_कुपवाड

ताई, पुढचं सगळं नंतर वाचा, आधी एवढं ऐका. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यातलं काहीही त्या फिगरला लावू नका. राजूभाऊ, तुमचा काउंटर सनमायक्याचा असेल, त्याला काही होत नाही. अशा फिगरमध्ये एबीएस नावाचं कडक प्लास्टिक असण्याची शक्यता खूप असते आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन एबीएसला विरघळवतं. डागाबरोबर वरचा थरच सुटतो, पृष्ठभाग चिकट होऊन त्यावर बोटांचे ठसे उमटतात, आणि ते परत कधीच दुरुस्त होत नाही. उन्हाचं मी खाली लिहितो.

मी कुपवाड एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर हेल्पर म्हणून लागलो, आता स्वतःचं वर्कशॉप आहे. ठिबकचे जोड आणि बादल्यांचे कान काढतो. फिगर जमवायचा नाद त्यातूनच लागला, कारण वस्तू हातात घेतली की मला आधी तिचा साचा दिसतो. म्हणून माझं ठाम मत आहे की खरं-खोटं ठरवायला आधी प्लास्टिक बघावं, मग रंग, मग कापड आणि कागद, आणि किंमत सर्वांत शेवटी. पुण्याच्या माणसाने उलट्या टोकाने सुरुवात केली.

वर्षाचा मुद्दा आधी संपवतो. फिगरवर कोरलेलं साल हे हक्काचं साल असतं, म्हणजे त्या रचनेवर मालकी कधीपासून सांगितली ते. साचा एकदा कापला की त्यातून पुढची कितीतरी वर्षं माल निघतो आणि प्रत्येक नगावर तेच साल येतं. माझ्या साच्यांवरही जुनं साल आहे आणि माल आज सकाळचा आहे. तेव्हा १९८४ कोरलेली वस्तू १९८५ मध्ये दुकानात मिळणं हे अगदी बरोबर जुळतं. उलट १९८४ हेच साल तुमच्या बाजूचा पुरावा आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या केनर या खेळण्यांच्या कंपनीने डीसी या कॉमिक कंपनीच्या पात्रांची सुपर पॉवर्स ही मालिका काढली. केनरच्या पहिल्या वर्षीच्या बारा पात्रांत सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन, वंडर वुमन, फ्लॅश, जोकर, पेंग्विन हे सगळे होते. पाय किंवा हात दाबले की काहीतरी हालचाल व्हायची, हीच त्या मालिकेची ओळख. सोबत छोटं कॉमिकही यायचं. मालिका १९८६ ला थांबली. पुढे मॅकफार्लेन या दुसऱ्या कंपनीने २०२२ पासून त्याच नावाने, तशाच रंगात नवीन फिगर काढल्या आहेत, पण त्यात ही दाबायची यंत्रणा नाही. म्हणजे पाय दाबून हात हलतात म्हटल्यावर नव्याचा प्रश्नच मिटला. उरली ती जुनी नक्कल.

नक्कल ओळखायची माझी पद्धत सांगतो. प्लास्टिक साच्यात गरम असताना भरतं आणि थंड होताना आकसतं. एबीएस साधारण अर्धा टक्का, पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दीड टक्क्याच्या आसपास. मूळ कंपनी साचा कापतानाच तेवढा मोठा कापते. नक्कल करणाऱ्याकडे मूळ ड्रॉइंग नसतं, तो तयार फिगरवरूनच साचा उतरवतो, त्यामुळे त्याच्या मालात हे आकसणं दुसऱ्यांदा येतं. १०० मिलिमीटर लांबीला एबीएसमध्ये अर्धा मिलिमीटर, पीपीत दीड मिलिमीटर. डोळ्याला कळत नाही, बारीक मापं घेणाऱ्या व्हर्नियरला कळतं. तुमच्याकडे व्हर्नियर नसेल तर सराफ कट्ट्यावर कुणाही कारागिराकडे असतो. तळपायाची लांबी, दोन्ही खांद्यांमधलं अंतर आणि डोक्याची रुंदी मोजा. केप बसते त्या गळ्यापाशी मोजू नका, तिथं झीज असते.

व्हर्नियर घेतलाच आहे तर त्याच कारागिराचं भिंग मागा. कोरलेली अक्षरं बघा. मूळ साच्यातल्या अक्षरांच्या कडा खड्या असतात, दुसऱ्यांदा उतरवलेल्या मालात त्या बुजतात, आठ आणि शून्य सारखेच दिसायला लागतात. मग कडेची जोडरेघ बघा, जिथं साच्याचे दोन अर्धे मिळतात. चांगल्या साच्यात ती नखाला जेमतेम लागते. आपल्या जत्रेतल्या मालात तिथं पापुद्रा निघालेला असतो आणि कुणीतरी तो ब्लेडने खरवडलेला दिसतो. जत्रेतला बराच माल तर ब्लो मोल्डिंगचा, आत पूर्ण पोकळ असतो, दाबला की पिचकतो. तुमच्या वर्णनावरून तो प्रकार नाही. छातीचं वटवाघूळ छापलेलं आहे की ब्रशने काढलंय तेही भिंगातून कळेल. छापलेल्याची कड साफ असते, ब्रशच्या रंगाला उंचवटा आणि केसांच्या रेघा असतात. नोटा तपासायचा निळा दिवा मिळाला तर अंधारात त्याखाली धरा. मागाहून कुणी रंग लावला असेल तर तेवढा भाग शेजारच्या रंगापेक्षा वेगळा चमकतो.

आता डाग. हळदीचा रंग प्रकाशाने उडतो हे राजूभाऊंचं म्हणणं खरं आहे. साडीला तो उपाय चालतो. इथं अडचण अशी की ज्या उन्हाने हळद उडेल त्याच उन्हाने निळा रंग फिका पडेल आणि प्लास्टिक पिवळं व ठिसूळ होईल. तपासणाऱ्याला हळदीचा डाग दिसला तर तो एक डाग धरतो. उन्हाने विटलेलं अंग दिसलं तर अख्ख्या फिगरचे गुण खाली येतात. डाग राहू द्या. कपड्याचा साबणही नको, तो अल्कधर्मी असतो आणि हळद त्याने लाल पडते, हे कुंकू बघितलेल्या कुणालाही माहीत आहे. फक्त कंबरेच्या फटीतला गाळ काढा, कारण नदीचा गाळ बारीक वाळूसारखा कापत राहतो. कोरडा मऊ टूथब्रश आणि लाकडी टूथपिक, एवढंच. फिगर पुन्हा पाण्यात बुडवू नका. आतल्या यंत्रणेत एकदा पाणी जाऊन आलंय. आणि हात अडकतात म्हणून जोर लावून पाय दाबू नका. चाळीस वर्षांचा दांडा आत तुटला तर बाहेरून काही करता येत नाही.

मोजमापं आली की पुढे बोलू. आईंना सांगा, अजून तरी मला एकही खूण विरुद्ध दिसलेली नाही.

अजिंक्यतारा_संग्रह (सातारा)

साचेदादांनी लिहिलंय त्याला दुजोरा. माझ्याकडे याच मालिकेचा बॅटमॅन आहे, पुठ्ठ्यावरून मीच मोकळा केलेला, त्यामुळे खरेपणाची शंका नाही. ताई, तुम्ही मापं टाका, मी त्याच तीन जागी माझा मोजून सांगतो.

तोवर गुणांचं सांगतो. आपण संग्राहक आपापसात सी-१ ते सी-१० अशी पट्टी वापरतो, सी-१० म्हणजे कारखान्यातून आत्ता आल्यासारखा. ही पट्टी डोळ्यांची आहे, दोन माणसांत एका गुणाचा फरक पडतोच. अमेरिकेत एएफए नावाची संस्था पैसे घेऊन तपासते, शंभरपैकी गुण देते आणि फिगर ॲक्रिलिकच्या पेटीत सील करून परत पाठवते. त्यांच्याकडे ८५ म्हणजे जवळजवळ नवा. तुमच्या फिगरसाठी तिकडे पाठवायच्या फंदात पडू नका. जायचा-यायचा खर्च आणि फी मिळून फिगरच्या किमतीपेक्षा जास्त होईल.

केपबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. या मालिकेत सर्वांत आधी हरवते ती केपच, म्हणून नव्याने शिवलेल्या केप बाजारात सर्रास मिळतात. एखादी विकत घेऊन घातली तर फोटो देखणा येईल, पण पुढच्या माणसाला ती मूळची वाटेल आणि मग सगळ्याच फिगरवर संशय येईल. मामींची केप वेगळ्या पाकिटात ठेवा आणि चिठ्ठीवर लिहा, घरी शिवलेली. बाजारभावात तिची भर शून्य. तुमच्या घरात तिची किंमत काय ते तुम्हीच जाणता.

कॉमिकची पानं ओढून सुटी करू नका. ज्या पानांत आपोआप फट आहे तिथं पांढरा टिपकागद घाला, वर हलकं वजन ठेवा आणि टिपकागद बदलत राहा. जी पानं चिकटलीत ती चिकटलेलीच राहू देत. आणि ते फिगरच्या डब्यात ठेवू नका, कागदात बुरशी असेल तर ती कापडावर येते.

कृष्णाकाठची (सांगली)

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. राजूदादा, तुम्हीही आपुलकीनेच सांगितलंत.

आज सराफ कट्ट्यावर गेले होते. बाबांच्या ओळखीच्या कारागिरांनी दुकानातली गर्दी ओसरल्यावर स्वतः बसून मोजलं, प्रत्येक जागा दोनदोनदा. मापं साताऱ्याच्या दादांना निरोपातून पाठवली आहेत, फोटोसकट. भिंगातून अक्षरं एकदम स्पष्ट दिसली. १९८४ मधले आठ आणि चार वेगळे वाचता येतात, डीसी कॉमिक्स हेही वाचता येतं. जोडरेघ नखाला जेमतेम लागते. छातीचं चिन्ह छापलेलंच आहे, खालच्या कडेला थोडं झिजलंय. निळ्या दिव्याखाली रंगात कुठेही वेगळी चमक दिसली नाही, फक्त हळदीचे डाग उजळ पिवळे चमकले. कारागीर म्हणाले, ही हळदच.

एक नवीन गोष्ट दिसली. डाव्या पायाच्या घोट्याजवळ केसाएवढी बारीक भेग आहे. ती आधीपासून आहे की पुरात पडली, कळत नाही. तिच्यात फेव्हिक्विक भरू का?

अजिंक्यतारा_संग्रह (सातारा)

मोजलं. तळपाय, खांदे, डोकं, तिन्ही जागी तुमचा आणि माझा फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आहे, तेवढा हाताच्या दाबानेही पडतो. नक्कल असती तर खांद्यांमध्येच कळलं असतं. माझ्या बाजूने प्रश्न मिटला, फिगर केनरचीच आहे.

साचे_कुपवाड

फोटो मीही बघितले. माझंही तेच मत, आणि आता मी ते कुणासमोरही मांडायला तयार आहे. आईंना आजच सांगा.

फेव्हिक्विक नको. ते भेगेबाहेर पसरतं, आजूबाजूला पांढरी वाफ धरतं आणि प्लास्टिक तिथं कडक होऊन पुढची भेग शेजारून जाते. भेग केसाएवढीच असेल तर पायावर भार येऊ न देणं हाच उपाय. फिगर उभी ठेवू नका, आडवी ठेवा.

अवस्थेला मी सी-५ देईन. रंगाची झीज थोडी, तेवढीच असती तर सी-७ सहज दिला असता. हळदीचे डाग, घोट्याची भेग आणि अडकणारी यंत्रणा यांनी गुण खाली आले. यंत्रणेचं वजन मी सर्वांत जास्त धरतो, कारण या मालिकेत लोक तिच्यासाठीच पैसे मोजतात. साताऱ्याचे दादा कदाचित सी-६ म्हणतील, तेही चूक नाही.

आता रक्कम. वाटणीसाठी विचारताय म्हणून कुणाच्याच मनात किंतु राहू नये असा मार्ग सांगतो. ईबे या ऑनलाइन बाजारात लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका, काही जण वाट्टेल ते आकडे लावून बसतात. फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारा फिल्टर निवडा. त्यात सुपर पॉवर्सचा बॅटमॅन, पॅकिंगशिवाय, केपशिवाय, मूळ, असे व्यवहार वेगळे काढा. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त सोडून द्या, मधला भाव घ्या. केप आणि चालती यंत्रणा असलेल्याचा भाव लावू नका, तुमचा तसा नाही. तुमच्यासारख्याला तिकडे काही हजार रुपयांपर्यंत मिळतात, लाखाच्या गोष्टी कुणी सांगितल्या तर ऐकू नका. बॅटमॅन त्या काळी खूप खपला, त्यामुळे तो दुर्मीळ नाही. त्याच मालिकेत शेवटी, १९८६ ला आलेली सायबॉर्गसारखी पात्रं दुर्मीळ आहेत. जो मधला भाव निघेल त्यातून विक्रीचं कमिशन आणि पाठवायचा खर्च वजा करा, कारण भाऊ विकणार नसून ठेवणार आहे आणि विकला असता तर हातात तेवढंच आलं असतं. तो आकडा वाटणीत धरा. पाचशेपेक्षा तो बहुधा वर असेल.

कॉमिकची किंमत शून्य धरा आणि फिगरबरोबरच द्या. जोडी तोडू नका.

कृष्णाकाठची (सांगली)

दादा, आईला वाचून दाखवलं. तिने मोठ्या भावाला लगेच फोन लावला. तिघांनी मिळून आज रात्री ईबे बघायचं ठरलंय, म्हणजे आकडा एकट्या कुणाचा राहणार नाही. मधला भाऊ विचारतोय, नेताना आणि पुढे ठेवताना काय काळजी घ्यायची? तो इस्लामपूरला असतो, शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे.

साचे_कुपवाड

त्या शोकेसमध्ये ठेवू नका, दुपारचं ऊन थेट येईल. मऊ पारदर्शक पिशवीही नको, बहुतेक पीव्हीसीच्या असतात, त्यातलं तेल सुटून फिगरला चिकटतं. खाऊचा पीपीचा डबा घ्या, तळाला त्याच्यावर ५ हा आकडा त्रिकोणात असतो. आत धुतलेलं पांढरं सुती कापड, त्यावर फिगर आडवी, हात-पाय सैल. बाजूला सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात बदलायच्या. मामींची केप वेगळ्या कागदी पाकिटात. डबा आतल्या खोलीतल्या कपाटात, आणि कपाटाचा वरचा कप्पा निवडा, इस्लामपूरला असलात तरी.

मापांचा कागद आणि निळ्या दिव्याचे फोटो त्याच कपाटात ठेवा. कारागिरांना त्यावर तारीख घालून सही करायला सांगा.